पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधला चहा

‘गिअर बदल सामान्य. ग्राहकास योग्य पद्धतीने वाहन चालविण्याविषयी मार्गदर्शन केले.’ माझ्या गाडीच्या जॉबकार्डावर छापून आलेली ही दोन वाक्ये मी सध्या खिशात घेऊन हिंडतो आहे आणि भेटेल त्याला दाखवतो आहे. मार्गदर्शन करणाऱ्या सर्व्हिस ॲडव्हायझरने अजून तिशीही गाठलेली नसावी. बोरघाटात भरलेल्या ट्रकमागे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवताना माझा डावा गुडघा कामी आला, तेव्हा तो बहुधा बालवाडीत असेल. त्याने मला ॲक्सिलरेटरवर पाय कसा ठेवावा, हे स्वतःचा बूट हवेत हलवून दाखवले.

तक्रार साधी होती. गाडी तापली आणि रहदारीत सापडली, की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती थबकते. खिडकीपलीकडचा कारकून आधी चष्मा पुसतो आणि मग ‘हं, बोला’ म्हणतो, तशी ती स्वस्थ विचार करते आणि त्यानंतर मानेला हिसका देऊन निघते. ही गाडी ऑटोमॅटिक (एएमटी) म्हणून विकली गेली असली तरी आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच आहे. एकच कोरडी क्लचप्लेट, तेच दाते, तेच काटे. क्लच दाबणाऱ्या पायाच्या आणि दांडा हलवणाऱ्या हाताच्या जागी विजेच्या पंपाने दाब दिलेल्या तेलावर चालणारे ॲक्च्युएटर आणि त्यांना हुकूम सोडणारा संगणक बसवला आहे, इतकेच. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही सोय आपल्याकडच्या लहान गाड्यांत आली आणि पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली, तेव्हा पुण्यात कर्वे रस्त्यावर गुडघे झिजवलेल्या माझ्यासारख्यांना आपले कोणी ऐकले असेच वाटले होते. माझी गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. ॲडव्हायझरच्या मते सगळ्यांच्या गाड्या अशाच वागतात.

यात त्याचे थोडे बरोबरही आहे. गिअर बदलताना संगणक इंजिनाचा जोर क्षणभर उतरवतो, क्लच सोडवतो, काटा सरकवतो आणि क्लच पुन्हा धरतो; तेवढा वेळ चाकांना ओढ नसते, म्हणून मान किंचित पुढे जाते. तेवढे मी सोसतो आणि गिअर पडताना पाय थोडा सैल करण्याची युक्तीही मला ठाऊक आहे. पण सकाळी थंड असताना शहाण्यासारखी चालणारी गाडी संध्याकाळी पौड रस्त्यावर दणके देऊ लागते, तेव्हा तिला स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या सोसायटीत याची निदाने भरपूर झाली. एकाने बॅटरीवर बोट ठेवले आणि ते अगदीच चुकीचे नव्हते, कारण तो पंप विजेवर चालतो आणि व्होल्टेज पडले की गिअर रेंगाळतो. दुसऱ्याने ब्रेकलाइटचा स्विच सांगितला, तिसऱ्याने इंजिनाचे माउंटिंग. चौथ्याने ‘तुम्ही सीव्हीटी (दुसऱ्या जातीची, गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) घ्यायला हवी होती’ असे सांगून विषय संपवला. हे चौथे गृहस्थ स्वतः रिक्षाने फिरतात.

खरा प्रसंग घडला तो सर्व्हिस सेंटरच्या प्रतीक्षागृहात. ॲडव्हायझर ‘चला सर, ट्रायल मारू’ म्हणाला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कागदी कपातला चहा घेऊन बसलेले एक वयस्कर गृहस्थ ‘चांदणी चौकाकडे जाणार असाल तर मला भुसारी कॉलनीपर्यंत सोडा, औषधं घ्यायची आहेत’ असे म्हणत आमच्यामागोमाग आले आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत मागच्या सीटवर बसले, तेही चहासकट. स्वतःच्या गाडीचे वॉशिंग व्हायला अवकाश होता आणि समोरच्या टीव्हीवर कंपनीचीच जाहिरात पुन्हा पुन्हा लागून त्यांना उबग आला होता. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली होती, हे गेटमधून बाहेर पडेपर्यंत आम्हाला समजले. पेट्रोल पंपांवर पाच लिटरचे माप लावण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि मोजमापाची सवय निवृत्तीबरोबर खात्यात जमा करायला ते विसरले असावेत.

गाडी ॲडव्हायझर चालवत होता. त्याचा पाय इतका हलका होता, की आमच्या मागून एक हातगाडी पुढे गेली. अर्थातच हिसका बसला नाही.

“बघा सर, एकदम स्मूथ. एएमटीत एवढं नॉर्मल असतं.”

“काका, तेवढा चहा संपवून टाका,” तो आरशात पाहून पुढे म्हणाला. “सांडेल.”

“सांडावा म्हणूनच धरलाय,” काका म्हणाले.

मी वळून पाहिले. काकांनी कप दोन्ही हातांच्या बोटांत, मांडीपासून वर, समतल धरला होता आणि कोपरे अंगाला घट्ट लावली होती. पातळी काठाच्या खाली बोटभर होती. चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य होते.

“आता यांना चालवू दे,” त्यांनी माझ्याकडे पाहून ॲडव्हायझरला फर्मावले. “गाडी यांची आहे. तू चालवतोस तशी ती रोज कोण चालवणार? मागचे शिव्या देतील.”

जागा बदलल्या. चांदणी चौकाचा चढ लागला तिथे नेहमीप्रमाणे वाहने तुंबली होती. (तिथला जुना पूल 2022 मध्ये स्फोट करून पाडला, नवे रस्ते झाले, उद्घाटने झाली, तुंबणाऱ्यांना त्यामुळे जागा मात्र ऐसपैस मिळाली.) चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, क्लचप्लेट तापते, म्हणून मी ब्रेकवर थांबत होतो आणि सरकत होतो. गाडी तापली. पहिला, थबकणे, दणका, दुसरा.

“पहिल्या-दुसऱ्यात सांडला,” मागून आवाज आला.

थोडे मोकळे मिळाले, तिसरा पडला. “दुसऱ्या-तिसऱ्यात नाही सांडला.” पुन्हा कोंडी, पुन्हा पहिला. “पुन्हा पहिल्या-दुसऱ्यात. या खेपेला जास्त. पँटवर आहे.” हे सगळे ते आगगाडीच्या वेळा सांगाव्यात तितक्या शांतपणे सांगत होते आणि मधूनच मनगट न हलवता घड्याळाकडे पाहून थबकण्याचा वेळ पुटपुटत होते.

“काका, आता हा तुमचा लोड वाढला ना गाडीत,” ॲडव्हायझर म्हणाला.

“माझा लोड दुसऱ्या-तिसऱ्यात उतरतो का?”

तो गप्प बसला. मग काकांनी जे विचारले, ते मला गेले कित्येक महिने सुचायला हवे होते. “हे बघ, पंपावर पाच लिटरमागे 25 मिलिलिटरची तफावत चालते. त्याच्या पुढं गेलं, की पंप बंद. तसं धक्क्याचं काय? किती चालतो? तू नॉर्मल म्हणतोस, तर आकडा सांग.”

“काका, तो फील असतो.”

“कुणाचा?”

भुसारी कॉलनी मागेच राहिली होती. काकांनी औषधांचा विचार सोडून दिला होता. परत आल्यावर ते ओल्या पँटीनिशी थेट वर्कशॉपमध्ये शिरले आणि ‘यंत्र लावा’ म्हणून उभे राहिले. ग्राहकांना तिथे मनाई असल्याची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली आणि आपण ग्राहक नसून या गाडीतले प्रवासी आहोत, असे स्पष्ट केले. शेवटी एका पोरसवदा मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचली. प्लेट झिजते तसा क्लच पकडण्याचा बिंदू सरकतो, आणि संगणकाने लक्षात ठेवलेली जागा जुनी पडली की तो धरायचा तिथे न धरता पुढेमागे धरतो. माझ्या गाडीत तेच झाले होते. शिवाय ॲक्च्युएटरच्या तेलाची पातळी किमान रेषेच्या खाली होती. डबी बॉनेटखालीच असते, ती बघायला स्कॅनरही लागत नाही. मेकॅनिकने तेल भरले, संगणकाला क्लचची नवी जागा शिकवली आणि हात पुसले. काकांचा चहा तोवर संपला होता. अर्धा पोटात, अर्धा सीटवर.

हिसका बराच कमी झाला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण जॉबकार्डावरची ती दोन वाक्ये ट्रायल संपताच ‘सिस्टीममध्ये क्लोज’ झाली होती आणि आता बदलता येत नव्हती. बिलात क्लच शिकवण्याची मजुरी होती, तेल होते, या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी होता, आणि ‘सीट क्लीनिंग’ होते. मार्गदर्शन तेवढे फुकट. प्लेटही लवकरच बदलावी लागेल, असे तोंडी सांगण्यात आले. ती झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत बसत नाही, झीज चालवणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. हे ऐकल्यावर मात्र माझी सभ्यता संपली. या गाडीत क्लचचे पेडलच नाही. क्लच कधी धरायचा, किती घासू द्यायचा, कधी सोडायचा, हे सगळे कंपनीचा संगणक ठरवतो. मी फक्त मागे-पुढे होणारी मान पुरवतो. मग प्लेट कोणाच्या पायाने झिजली, असे मी विचारले. ॲडव्हायझरने प्रश्न लिहून घेतला आणि वर विचारून कळवतो म्हणाला.

त्याचा फोन आलेला नाही. ‘आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल’ असे विचारणारा फोन मात्र रोज दुपारी, मी जेवायला बसलो की येतो. दहापेक्षा कमी गुण दिल्यास कारण सांगावे लागते. मी कारण सांगू लागतो, आणि चहापर्यंत पोचलो की पलीकडून फोन ठेवला जातो.