ओठावरचा व्रण आणि कुंभाराची निवड : मोचे मुखपात्रांविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे इ. स. 100 ते 800 या काळात नांदलेल्या मोचे संस्कृतीच्या मुखपात्रांवरील, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराच्या मातीच्या पात्रांवरील, माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा, की ज्या समाजाला लिपी नव्हती, ज्याचे कुंभार साच्यातून पात्रे काढत आणि सुळे असलेले देव व नाचणारे सांगाडेही घडवत, त्या समाजाने केलेल्या मातीच्या चेहऱ्यांना खऱ्या माणसांची चित्रणे म्हणणे ही निव्वळ आजच्या पाहणाऱ्याची हौस आहे.

साच्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत बळकट आहे. एका साच्यातून निघालेली दहा पात्रे ही दहा स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत, हे मान्य. परंतु 900हून अधिक मुखपात्रांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफर डॉनन यांनी, वरच्या ओठावर डावीकडे व्रण असलेल्या ज्या एका पुरुषाची 40हून अधिक पात्रे ओळखली, ती एकाच साच्यातली नाहीत. त्यांत तो कुठे दहा-एक वर्षांचा मुलगा आहे, कुठे तरुण, तर कुठे तिशी ओलांडलेला प्रौढ. शिरोभूषण बदलते, चेहऱ्यावरील रंगाचे पट्टे बदलतात, व्रण मात्र राहतो. कुंभाराला केवळ एखादा आदर्श सरदार घडवायचा असता, तर प्रतिष्ठेत काहीच भर न घालणारी ही खूण त्याने पुन्हा पुन्हा का जपली असती, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला सापडत नाही.

दुबळा दुवा दुसरीकडे आहे, आणि आपण तेथे बोट ठेवाल असे मला वाटले होते. यांतील बहुतेक पात्रे थडगी लुटणाऱ्यांच्या हातून बाजारात आली, त्यामुळे ती कोणत्या थडग्यात, कोणाजवळ ठेवलेली होती हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही. व्रणधारी माणसाच्या वयाचा क्रम आपण त्याच्या चेहऱ्यांवरूनच लावतो आणि मग तोच क्रम त्याच्या आयुष्याचा पुरावा म्हणून वापरतो. अनुमान भक्कम असले तरी ते अनुमानच आहे.

सुळ्यांच्या देवांमुळे सगळेच काल्पनिक ठरते, हे मात्र मला पटत नाही. बंद्यांचे रक्त पेल्यातून अर्पण करण्याचा प्रसंग मोचे पात्रांवर वारंवार चितारलेला आहे आणि तो बराच काळ पुराणकथेतला मानला जाई. 1987 साली पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी उत्तर पेरूतील सिपान येथे उत्खनन केलेल्या थडग्यातील पुरुषाचे अलंकार त्या प्रसंगातील प्रमुख व्यक्तीशी जुळले, आणि पुढे सान होसे दे मोरो या दुसऱ्या मोचे स्थळी त्यातील पुजारिणीच्या वेशातील स्त्रियांची दफने मिळाली. सुळे कोणालाच नव्हते. पण तो वेश आणि ती भूमिका जिवंत माणसे धारण करत होती. वास्तव आणि कल्पना यांची सीमा दोन पात्रांच्या मधून नव्हे, तर एकाच चित्राच्या आतून जाते.

आपल्याशी मी सहमत आहे तो निवडीच्या प्रश्नावर. मुखपात्रे प्रामुख्याने चिकामा, मोचे आणि विरू या खोऱ्यांतली आहेत. मुलांचे चेहरे थोडे आणि प्रौढ स्त्रियांचे जवळजवळ नाहीतच. म्हणजे कोणाचा चेहरा मातीत उतरायचा, हे कोणीतरी ठरवत होते. ही पात्रे काही तो समाज कसा दिसत असे हे आपल्याला कळवण्यासाठी केलेली नाहीत. उआका दे ला लुना या मोचे मंदिरात बळी दिलेल्या 70हून अधिक पुरुषांच्या अवशेषांसोबत गळ्यात दोर असलेल्या नग्न बंद्यांच्या, न भाजलेल्या मातीच्या फोडलेल्या प्रतिमा सापडल्या, यावरून मातीच्या देहाला विधीत काहीएक काम होते असे दिसते. तेव्हा या पात्रांना खऱ्या माणसांची 'नोंद' म्हणणे मलाही अपुरेच वाटते.

राहिला नाक-ओठ झडलेल्या चेहऱ्यांविषयीचा आपला प्रश्न. काही अभ्यासक त्यात लेशमॅनियासिस हा नाक-ओठ झिजवणारा रोग पाहतात, काही जण मुद्दाम केलेला अंगच्छेद. पावले तोडलेल्या माणसांच्या मूर्तींबाबत असाच वाद होऊ शकला असता. परंतु एल ब्रुहो या मोचे स्थळी पाऊल कापल्यावर भरून आलेली हाडे मिळाली आणि त्या मूर्तींना आधार लाभला. नाकाची कूर्चा आणि ओठ हाडांसारखे टिकत नाहीत, म्हणून या चेहऱ्यांपुरता मी आपल्याइतकाच सावध आहे.