ऑल्ट टेक्स्ट गूगलसाठी नसतो

‘फोटोचा ऑल्ट टेक्स्ट कुणाला दिसत नाही, तो फक्त गूगल वाचतं. तिथे दहा-बारा कीवर्ड भरा आणि पहिल्या पानावर या.’ एसइओच्या (साइट सर्चमध्ये वर आणण्याच्या) नावाखाली असले मेसेज कायम फिरत असतात, मी सोडून देतो. पण काल हा धाकट्या बहिणीने पाठवला, खाली प्रश्न: ‘आपल्या साइटवर करून टाकू?’ अजिबात नको.

कुणाला दिसत नाही म्हणे! ज्यांना फोटो दिसत नाही, त्यांच्यासाठीच तर ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे पानाच्या कोडमध्ये फोटोला जोडलेलं वर्णन, आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) तो मोठ्याने वाचतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. लावा आणि डोळे मिटून ऐका: ‘लॅपटॉप बॅग, स्वस्त लॅपटॉप बॅग, बेस्ट लॅपटॉप बॅग ऑनलाइन, लॅपटॉप बॅग सेल’. पुढच्या फोटोला पुन्हा तेच. पानावर वीस फोटो असतील तर वीसदा. एवढं ऐकूनही बॅगेचा रंग कळला नाही, कप्पे किती तेही नाही. ‘काळी लॅपटॉप बॅग, पुढे दोन कप्पे, बाजूला बाटलीसाठी जाळी’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि फोटो निव्वळ सजावटीचा असेल तर ऑल्ट रिकामा ठेवायचा (alt=""). पण कोडमधून alt हा शब्दच गाळून टाकू नका, नाहीतर काही स्क्रीन रीडर फाइलचं लांबलचक नाव वाचत बसतात.

बरं, ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते गूगल काय म्हणतं? फोटोंबद्दलच्या त्यांच्या अधिकृत मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की ऑल्टमध्ये कीवर्ड कोंबू नका, वापरणाऱ्याला त्रास होतो आणि तुमची साइट स्पॅम ठरू शकते. म्हणजे माणसालाही छळायचं आणि वर स्वतःचंच नुकसान करून घ्यायचं.

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लपवा, हा त्याच मेसेजमधला दुसरा मंत्र. गूगलच्या स्पॅम धोरणात हेच उदाहरण नावानिशी दिलंय. डोळ्यांना न दिसणारा हा कचरा स्क्रीन रीडर मात्र इमानेइतबारे वाचून दाखवतो. (स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेला लपलेला मजकूर वेगळा, त्याला गूगलची हरकत नाही.) मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये दिलेली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी)? रँकिंगसाठी ते वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच सांगून टाकलंय. प्रत्येक ओळीला हेडिंग करा म्हणे! अंध वाचक स्क्रीन रीडर लावून कीबोर्डवरचं एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पान चाळतात. सगळंच हेडिंग केलं तर त्यांनी थांबायचं कुठे?

‘अॅक्सेसिबिलिटीने रँक वाढत नाही’ हे मेसेजचं शेवटचं वाक्य (अॅक्सेसिबिलिटी म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येणं) मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. गूगल त्याचे वेगळे गुण देत नाही. पण व्हिडिओखाली बोलण्याचा पूर्ण मजकूर दिला की तो बहिऱ्या माणसाला वाचता येतो आणि सर्च इंजिनलाही. ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘परतीचे नियम’ लिहिलं की लिंक कुठे नेते ते दोघांनाही कळतं. आणि यातून रँक एका जागेनेही हललं नाही, तरी हे करायचंच.