मशीनखाली पाणी दिसलं की टबचं सील गेलं?

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं: वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की टबचं सील गेलं समजा, पाच वर्षांनी ते जातंच, दुरुस्तीत पैसे न घालता नवीन मशीन घ्या. तोवर काम भागवायला नळाच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्ह्याने कचकचून आवळा, टबला बाहेरून एम-सील लिंपा आणि महिन्यातून एकदा बेकिंग सोडा व व्हिनेगर एकत्र घालून मशीन फिरवा. खाली ‘जनहितार्थ’ असंही लिहिलंय. यातला एकेक दावा तपासू.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा दावा म्हणजे सीलचा. टबातून आरपार जाणाऱ्या दांड्याभोवती एक रबरी सील असतं. ते झिजतं हे खरं, पण ते गेलं की त्याच्या खुणा दिसतात. पाणी कडेला नव्हे, मशीनच्या मधोमध ठिबकतं, फ्रंट लोड असेल तर मागच्या बाजूला. ते बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग गंजतं आणि स्पिनच्या वेळी मशीन घरघरायला लागतं. फ्रंट लोडचा रिकामा ड्रम आतून हाताने वर-खाली करून बघा. खडखडत असेल तर शंका रास्त आहे. आवाज नाही, खडखड नाही आणि पाणी पुढून किंवा कडेने येतंय, तर आधी दुसरीकडे शोधा.

शोधायचं कसं? मशीनखाली कोरडी वर्तमानपत्रं पसरा आणि पाणी कधी येतं ते बघा. कुठून येतं हे त्यावरूनच बरंचसं कळतं.

मशीन बंद आहे, फक्त नळ उघडलाय आणि तरी कागद भिजतोय? मग नळाचा जोड किंवा इनलेट पाईप, म्हणजे नळापासून मशीनमध्ये पाणी आणणारा पाईप. पाणी भरताना गळत असेल तर पावडरचा ट्रे काढून धुवा. ओलसर पावडरचे खडे बसून भोकं बुजतात आणि पाणी ट्रेवरून पुढे सांडतं. फ्रंट लोडमध्ये हाताने धुवायची पावडर घातली तर फेस इतका होतो की तो ट्रेमधून बाहेर येतो; तिथे दुरुस्ती काहीच नसते, पावडर बदलायची असते. धुणं चालू असताना दारातून ओघळ येत असेल तर दाराच्या रबराची खालची घडी उलटून बघा. नाणी, केसांचे आकडे, मुलांचे मोजे असं काय काय तिथे सापडतं. रबर फाटलेलं नसेल तर पुसून काम होतं. पुढे खाली फिल्टरचं झाकण असतं, त्याच्या आट्यांत एखादा दोरा अडकला तरी थेंब थेंब गळतं. ते उघडण्याआधी आत साचलेलं पाणी काढून घ्या, नाहीतर सगळं पायावर येतं.

निचऱ्याच्या वेळीच पाणी दिसत असेल तर मात्र मशीनला दोष देण्याआधी मोरीकडे बघा. मशीन टबभर पाणी एकदम सोडतं. नहाणीच्या जाळीत कपड्यांचा भुगा आणि केस अडकलेले असले की ते मागे फिरून थेट मशीनखाली पसरतं. परीक्षा सोपी आहे: बादलीभर पाणी एकदम जाळीवर ओता. पाणी वर आलं तर गुन्हेगार सापडला. माझ्या मते ‘मशीन गळतंय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण मेकॅनिकला बोलावणारा जाळी उचलून बघत नाही. तळमजल्यावर किंवा चाळीत राहत असाल तर ड्रेन पाईप पूर्ण लांबीभर तपासा. उंदीर तो कुरतडतात, आणि भोक बारीक असलं तर पाणी सोडतानाच दिसतं. मशीनच्या बुडाला बसवायची उंदीर-जाळी बाजारात मिळते.

सेमी-ऑटोमॅटिकचं तर मेसेजमध्ये नावच नाही. तिथे बटण धुण्यावर असूनही आउटलेट पाईपमधून पाणी ठिबकत राहिलं, तर ड्रेन व्हॉल्वच्या रबरी बुचाखाली काहीतरी अडकलेलं असण्याचा संभव जास्त. बूच काढून धुतलं की बहुतेकदा भागतं, रबर कडक झालं असेल तर नवीन बसवायचं.

पाच वर्षांची मुदत कुठून आली कोण जाणे. सीलवर तारीख छापलेली नसते. बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि दर वेळी कोंबून भरलेले कपडे ते लवकर मारतात.

आता टेफ्लॉन. इनलेट पाईपच्या टोकाला प्लास्टिकची, आतून आटे असलेली चाकी (नट) असते आणि तिच्या आत रबरी वायसर. पाणी अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही, आणि पान्ह्याने आवळलं तर प्लास्टिकला तडा जातो. हाताने घट्ट करा. तरी गळलं तर वायसर बदला, हार्डवेअरच्या दुकानात तो किरकोळ पैशांत मिळतो. टेफ्लॉनची जागा नळ आणि भिंत यांच्यातल्या जोडावर. नळावर चार स्क्रूचा अडॅप्टर बसवला असेल तर तो तिरका बसलाय का तेही बघा. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे लागतात.

एम-सीलचा सल्ला तर मेसेजच्याच पहिल्या ओळीशी भांडतो. सील टबच्या पोटात, दांड्याभोवती. बाहेरून लिंपून तिथे पोचणार कसं? आणि टबलाच तडा असला तरी टब बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्या प्लास्टिकला एम-सीलसारखं इपॉक्सी नीट धरत नाही, त्यात स्पिनची थरथर. दोन-चार धुण्यांत लिंपण सुटायची शक्यताच जास्त.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले की एकमेकांना निकामी करतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. क्षार काढायचे तर कंपनीने सुचवलेली डीस्केलिंग पावडर वापरा. गळतीशी याचा संबंध नाही.

जी गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती ती मेसेजमध्ये कुठेच नाही: पाणी दिसलं की आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. बटण ओल्यात असेल तर घराचा मेन स्विच बंद करा. पत्रा उघडायचा तो त्यानंतरच.

‘नवीन घ्या’ हा सल्ला एका बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे. काही फ्रंट लोड मशीनचा टब कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेला असतो. तिथे सील आणि बेअरिंग सुटं बदलता येत नाही, अख्खा टब घ्यावा लागतो आणि तो खर्च नव्या मशीनशी ताडून बघावा लागतो. तुमच्या मॉडेलचा टब उघडतो का, हे मेकॅनिकला फोनवरच विचारा. तो आला की ‘सील गेलं’ एवढ्यावर होकार देऊ नका. मागचा पत्रा काढून ओली जागा दाखवायला सांगा. नाहीतर नवीन मशीन येईल, त्याच नळाला जोडलं जाईल, पाणी त्याच तुंबलेल्या मोरीत सोडेल आणि पहिल्याच धुण्याला पुन्हा फरशी ओली होईल.