पत्ता बदलल्यानं भोक बुजत नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक दावा हातोहात फिरतोय: ‘मूव्हिंग टार्गेट डिफेन्स लावा. पत्ते सतत बदलत राहिले की हल्लेखोराला नेम धरता येत नाही. जितक्या वेगानं बदलाल तितकी सुरक्षा जास्त, आणि पॅचची, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणाऱ्या दुरुस्तीची, घाईही उरत नाही.’

वेगाचं आधी बघू, कारण सगळ्यांत जास्त दिशाभूल तिथेच होते. या तंत्राचं रुळलेलं रूप म्हणजे एएसएलआर. प्रोग्राम सुरू होताना मेमरीतल्या त्याच्या जागा दरवेळी वेगळ्या ठरतात. पॅक्स प्रकल्पानं २००१ मध्ये ते लिनक्सवर आणलं. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३२ बिटांच्या यंत्रावर, अपाची या वेब सर्व्हरवर त्याची परीक्षा घेतली. मांडणीच्या शक्यता होत्या फक्त ६५,५३६, म्हणजे १६ बिट. अंदाज चुकला की एक प्रोसेस कोसळायची, पण तिच्या जागी येणारी नवी प्रोसेस तीच मांडणी घेऊन यायची. चाचपडत चाचपडत सरासरी २१६ सेकंदांत सर्व्हर हाती आला.

मग प्रत्येक अंदाजानंतर मांडणी बदलली तर? किल्ल्यांचा जुडगा डोळ्यांसमोर आणा. कुलूप तेच असेल तर न लागलेली किल्ली बाजूला टाकता येते आणि साधारण निम्म्या किल्ल्यांत काम होतं. दरवेळी कुलूप बदललं तर एकही किल्ली बाद करता येत नाही, म्हणून सरासरी प्रयत्न दुप्पट होतात. दुप्पट म्हणजे शक्यतांमध्ये एका बिटाची भर. याहून वेगानं बदलून काही मिळत नाही. शक्यता वाढवल्या तर मात्र वाढवलेल्या प्रत्येक बिटामागे हल्लेखोराचं काम दुप्पट होतं. ६४ बिटांच्या यंत्रावर एएसएलआर जास्त टिकतं ते यामुळे. (माझ्या देखरेखीखालच्या यंत्रांवर ते कुणी बंद केलं तर मी भांडेन.)

नेम धरता येत नाही, हेही अर्धसत्य. लायब्ररी अख्खी एकत्र सरकते, त्यामुळे तिच्यातला एक पत्ता फुटला की बाकीचे वजाबाकीनं निघतात. डीएनएसमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, खोटी उत्तरं घुसवता येतात हे २००८ साली संशोधक डॅन कामिन्स्कीनं शोधल्यावर सोर्स पोर्ट (प्रश्न ज्या क्रमांकावरून पाठवला जातो तो) बदलते ठेवले गेले. २०२० मध्ये ‘सॅड डीएनएस’ हल्ल्यानं, त्रुटीसंदेशांवर असलेल्या मर्यादेचा माग काढून तेच पोर्ट ओळखून दाखवले.

आणि पॅच? २०१४ चा हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधला दोष. एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर सांडायची. बफर (मेमरीतला विनंती साठवलेला तुकडा) कुठेही सरकवा, वाचन त्याच्या पुढूनच होई. हल्लेखोराला पत्त्याची गरजच नव्हती. हा दोष बंद झाला ओपनएसएसएलच्या १.०.१जी या दुरुस्त आवृत्तीनं, आणि त्यानंतरही एन्क्रिप्शनच्या खासगी किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बदलत बसावं लागलं.