कोथिंबिरीलाही शिक्का लागतो

काल रात्री जेवणं झाल्यावर महिन्याभराच्या पावत्या टेबलावर मांडून बसले. बारा पावत्या. बेरीज तीनदा केली, कारण पहिल्या दोन वेळा माझ्यावरच विश्वास बसला नाही. ४,८७० शेकेल, म्हणजे इथलं, इस्रायलचं चलन. घरात माणसं किती? दोन. मी आणि हे. ठरवलं होतं ३,५०० मध्ये भागवायचं. यांनी चष्मा वर करून पावत्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, पेसाहचा महिना होता ना." पेसाहचा महिना! मोठा सण तो, मान्य. मग त्याआधीच्या महिन्यात बजेट बुडालं ते कशानं? तेव्हा पुरीम होता. आमच्यात सण नाही असा महिना शोधायला दुर्बीण लागेल, आणि सण नसला तरी दर आठवड्याला शाबाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, येतोच. शुक्रवारी रात्री माझ्या टेबलाला नऊ जण असतात. दोन माणसांचं बजेट म्हणे!

आधी ओळख सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण बाई शेकेलच्या गोष्टी मराठीत सांगतेय. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. माझा जन्म ठाण्याचा, मूळ गाव अलिबागच्या बाजूचं, आणि १९९४ पासून मुक्काम इस्रायलमधलं अश्दोद. हे बंदरावर कामाला होते, आता पेन्शनीत. म्हणजे आवक ठरलेली आणि जावक देवाच्या हातात. खरं तर देवाच्याही नाही, शिक्केवाल्यांच्या.

ठाण्याची आतेबहीण फोनवर म्हणते, "तुमचं बरं आहे बाई, तुमच्याकडे सगळंच कोशेर मिळतं. आम्हाला शोहेतची वाट बघावी लागते." कोशेर म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांत बसणारं खाणं, आणि शोहेत म्हणजे त्या नियमाने जनावर कापणारा. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सगळंच कोशेर मिळतं हे खरं. पण किती वेळा कोशेर? त्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

ऐका. इथे एखाद्या वस्तूवर "कोशेर" लिहायचं तर रब्बानूतचा, म्हणजे सरकारी धर्मखात्याचा शिक्का लागतो. १९८३ चा कायदाच आहे तसा. कारखान्यात देखरेखीला माणूस ठेवायचा आणि त्याचा पगार कारखान्यानेच द्यायचा. द्या. पण जे जास्त कडक पाळतात त्यांना हा शिक्का पुरत नाही. त्यांना वर बदात्सचा शिक्का हवा, म्हणजे खाजगी धर्मपीठाचा. तशी पीठं एक नाही, बरीच. अमक्याचा शिक्का तमक्याला चालत नाही. मग कारखानदार काय करतो? एकाच बिस्किटाच्या पुड्यावर सरकारी शिक्का, बाजूला एका पीठाचा, खाली आणखी एकाचा. प्रत्येकाचा माणूस वेगळा, प्रत्येकाची फी वेगळी. पुड्याचा पाठचा भाग बघितला तर जुन्या पासपोर्टासारखा दिसतो. आणि सगळ्या फिया शेवटी कुठे येऊन बसतात? माझ्या टेबलावर, त्या बारा पावत्यांत.

आमच्या पुरतं सांगायचं तर रब्बानूतचा शिक्का आम्हा दोघांना पुरत होता. तीस वर्षं पुरला. पण जावई कडक झाले. मुलगा चांगला आहे हो, वाईट बोलायचं नाही मला. आपल्यातलाच, आजोबा पनवेलचे. लग्नात साधा होता, मग कुठल्याशा वर्गाला जायला लागला, आणि आता बदात्सच्या शिक्क्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. मुलगी म्हणते, "आई, शुक्रवारी आम्ही यायचं तर त्यांच्या शिक्क्याची कोंबडी आण." साधी कोशेर कोंबडी किलोला २० शेकेलच्या आसपास मिळते, जावयांच्या शिक्क्याची ३२. नऊ माणसांना तीन किलो तरी लागते. आणि एकाच पातेल्यात दोन शिक्के शिजवता येत नाहीत, म्हणून आम्ही सगळेच ३२ वाली खातो. महिन्यात चार शुक्रवार, कधी पाच. करा हिशेब. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. आमच्याकडे बारा आणे शिक्क्याचे, मसाल्याचे वेगळे!

मटणाचं तर नावच काढू नका. मी आले त्याच वर्षी, १९९४ ला, इथे कायदा झाला की परदेशातून मांस आणायचं तर कोशेरच आणायचं. गोठवलेलं मांस बरंचसं येतं दक्षिण अमेरिकेतून, आणि तिथे कापायला इथून शोहेत आणि रब्बी यांची पथकं विमानाने जातात. जनावर कापल्यावर आत हात घालून फुप्फुस तपासतात, गुळगुळीत असेल तर ते "हलाक", आणि हलाकचा भाव वेगळा. फुप्फुस मी खात नाही, पण त्याचा गुळगुळीतपणा माझ्या बिलात येतो. आता महिन्यातून एकदा आणते. तेही सणाला.

पण खरं माथं फिरलं ते कोथिंबिरीने.

ठाण्याला आई भाजी घ्यायची तेव्हा भाजीवाली शेवटी मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकायची. फुकट. नाही टाकली तर आई तिच्याकडे अशी बघायची की ती बिचारी लगेच टाकायची. आता अश्दोदच्या सुपरमधला देखावा बघा. एका बाजूला साधी जुडी, ५ शेकेल. दुसऱ्या बाजूला फ्रीजमध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद कोथिंबीर, साध्या जुडीच्या निम्मीसुद्धा नाही, १० शेकेल. का? तर ती जाळीखाली, हरितगृहात वाढवलेली, "किडेमुक्त". कारण किडा खाणं निषिद्ध, आणि पालेभाजीत तो लपतो. हे मला मान्य आहे, मी काय किडे खायला बसलेय का? आमच्या घरी आई कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवायची, पान न् पान उजेडात धरून बघायची. मीही तेच करते, वर साबणाच्या पाण्यातून काढते. पण माझे डोळे आता शिक्क्यात बसत नाहीत. साठीच्या बाईने चष्मा लावून निवडलेल्या कोथिंबिरीपेक्षा पाकिटावरची शाई जास्त कोशेर! आणि त्या पाकिटवाल्या कोथिंबिरीला वास? कागद चावल्यासारखी लागते. हिरव्या मसाल्याच्या कोंबडीला तीन पाकिटं लागतात. तीस शेकेलची कोथिंबीर, आणि रंग यायला वरून पालक.

मुळात कोशेर पाळणं हे गरिबाला परवडणारं होतं, हे कुणी लक्षात ठेवत नाही. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. त्यांच्याकडे कुठला शिक्का होता? मासा घ्यायचा तर खवले आणि पर बघायचे: कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या आपल्या नाहीत, बांगडा, रावस आपला. मटण अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुवायचं, रक्त राहता कामा नये. अंडं आधी वाटीत फोडायचं, लाल ठिपका दिसला की फेकायचं. मटणाबरोबर दूध-दही नाही, मग नारळाचं दूध. नारळ अंगणात पडायचा! किद्दूशला, म्हणजे शाबाथच्या वाइनवरच्या प्रार्थनेला, द्राक्षाची वाइन कुठून आणणार, म्हणून काळ्या मनुका भिजवून सरबत करायचे. आजी एक अक्षर वाचू शकत नव्हती, पण तिच्या चुलीवर कधी चूक झाली नाही. आता नारळाच्या दुधाचा डबा घेते, थायलंडहून आलेला, डब्यावर चष्मा लावून "पारवे" शोधते, म्हणजे ना मांसाचं ना दुधाचं, आणि त्या एका डब्याला जे मोजते त्यात आजीने महिना काढला असता.

आणि पेसाह. पेसाहचा राग सविस्तर सांगितला तर रात्र जाईल. तरी एक सांगतेच. सात दिवस खमीर, म्हणजे गव्हासारख्या धान्याचं आंबवलेलं काहीही, घरात नको, म्हणून सुपरमध्ये अर्ध्या फळ्या प्लॅस्टिकने झाकून टाकतात. उरलेल्या अर्ध्यांवर तोच जाम, तेच तेल, तोच टोमॅटोचा लगदा, फक्त "पेसाहला कोशेर" एवढं जास्त लिहिलेलं आणि भावही तेवढाच वर चढलेला. हाताने लाटलेली मात्सा, म्हणजे सणाची न आंबवलेली रोटी, किलोला शंभराच्या वर. पीठ आणि पाणी, त्यात दुसरं काहीच नाही! माझी आई पोळ्या लाटायची त्याच चपळाईने लाटून टाकली असती.

आम्ही पेसाहला तांदूळ खातो, आमच्यात चालतो. पण युरोपातल्या यहुद्यांच्यात तांदूळ-कडधान्य, म्हणजे कित्नियोत, चालत नाही, म्हणून पिशवीवर ठळक छापलेलं असतं, "फक्त कित्नियोत खाणाऱ्यांसाठी". जणू काही सिगारेटवरचा इशारा. बरं, खायचा तर तीनदा निवडायचा, गव्हाचा दाणा चुकून राहिला तर घात. चार किलो तांदूळ तीनदा म्हणजे बारा किलो निवडले मी, ताटात पसरून, दोन संध्याकाळी. हे मदतीला बसले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. आणि हिंग? हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं, माहीत आहे का तुम्हाला? तळहाताएवढी डबी, भारतीय दुकानातून चांगले पैसे मोजून आणलेली, अर्धी भरलेली. दरवर्षी शेजारणीला देऊन टाकते आणि सण उलटल्यावर नवी आणते. डाळीला हिंग नाही तो आठवडा माझ्या पोटाला विचारा.

त्यात व्हॅट १७ चा १८ टक्के झाला, २०२५ च्या १ जानेवारीपासून. ताज्या भाज्या-फळं सोडून सगळ्यावर. २०११ साली इथे कॉटेज चीजच्या डब्यावरून लोक पेटले होते. डबा ८ शेकेलच्या घरात गेला, लोकांनी घेणं बंद केलं, महिन्याभरात कंपन्या खाली आल्या. मीही तेव्हा चीज आणलं नव्हतं, अभिमानाने! पण शिक्क्यावर कोण बहिष्कार घालणार? तोंड उघडलं की "तुम्हाला धर्म महाग वाटतो का?" धर्म नाही हो महाग वाटत. एका बिस्किटाला तीन माणसांनी तीनदा बघायचं आणि तिन्ही वेळा पैसे मी द्यायचे, हे महाग वाटतं.

आता खरं दुखणं सांगते, ज्याच्यामुळे काल पावत्या काढल्या.

नातू तापाने आठवडाभर अंथरुणात होता. बरा झाला की मलिदा करीन असं मी मानलं होतं, एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने, आई मानायची तसं. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वरून पाच फळं, खजूर. पोहे आणायला बसने रामलेच्या भारतीय दुकानात गेले, पिशवी उचलून आणली. सगळ्यांनी बेराखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, म्हटल्या, ताटली फिरली. जावयांसमोर आली तर त्यांनी सफरचंदाची फोड उचलली आणि पोह्याला हात लावला नाही. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, पोह्यांची पिशवी दाखवता का? दाखवली. मुंबईची पिशवी, तिच्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका ठसठशीत, हिब्रू अक्षर एक नाही. म्हणाले, माफ करा, शिक्का नाही.

पोह्याला! भात भिजवून, भाजून, कुटून केलेला पोहा. त्यात काय डुक्कर पडणार आहे?

मी काही बोलले नाही. मुलगी डोळ्यांनी "आई, नको" म्हणत होती. पण रात्रभर झोप नाही. अहो, या देशात १९६४ पर्यंत आमच्यावरच शिक्का नव्हता! तुमची लग्नं आम्ही लावणार नाही, तुमच्या आज्या-पणज्या कोण होत्या ते सिद्ध करा, असं याच रब्बानूतने आमच्या लोकांना सांगितलं होतं. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, ठराव करावा लागला, तेव्हा कुठे आम्ही पूर्ण यहुदी ठरलो. त्यांच्या पनवेलच्या आजोबांनाही हे ऐकावं लागलं असेल. आणि त्यांचा नातू, माझा जावई, आता माझ्या मलिद्यावर शिक्का शोधतो.

असो. आज बुधवार. मुलीचा मघाशीच मेसेज आला, या शुक्रवारी जावयांचे दोन मित्रही येणार, चालेल ना? म्हणजे अकरा. चालेल म्हणून कळवलं, दुसरं काय कळवणार. यादी केलीय: कोंबडी चार किलो, त्यांच्या शिक्क्याची. नारळाचं दूध, तीन डबे. कोथिंबीर, पाकिटातली, चार. पोहे संपलेत, पण ते मी माझ्यासाठी आणणार आहे. रविवारी सकाळी कांदेपोहे करीन, आणि त्यावर साधी, ५ शेकेलवाली कोथिंबीर घालीन, स्वतः निवडलेली.