मुंजीचा कागद, गादीचा कागद

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी पोहे-जलेबी आली की चर्चेला तोंड फुटतंच. पोह्यांवर जिरावन भुरभुरत विन्या म्हणाला, "इंग्लंडचा युवराज विल्यम आईकडून दुसऱ्या चार्ल्सचा वंशज आहे. पण औरस वंशातला नव्हे हं!"

"औरस असणार कुठून?" वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. "राणीला मूलच नव्हतं. ब्रागान्झाची कॅथरीन, मुंबई आंदण घेऊन गेली ती हीच. बाहेर मात्र राजानं कबूल केलेली डझनभर. रिचमंड, ग्राफ्टन, सेंट अल्बान्स, बक्ल्यू ही ड्यूकांची घराणी आजही नांदताहेत. ग्राफ्टनवाल्यांचं आडनाव फिट्झरॉय, म्हणजे राजाचा मुलगा."

"दारावर पाटीच लावली की!" आप्पा हसले. "आपल्याकडे लेकावळा म्हटलं की पंगतीत पाट वेगळा."

"म्हणून म्हणतो, ते लोक उदार," वकीलसाहेब म्हणाले.

इथे मला राहवेना. उदार कसले? पदवी दिली, गादी नाही. चार्ल्सच्या या पोरांतल्या थोरल्या मॉनमथनं 1685 मध्ये बापामागे गादीवर हक्क सांगितला, सेजमूरला हरला आणि नऊ दिवसांत त्याचं मुंडकं उडालं.

"आणि आपल्या गावचा यशवंतराव?" आप्पा सरसावून बसले. हा त्यांचा हुकमी विषय. तुकोजी होळकरांचा औरस थोरला काशीराव. यशवंतराव आणि विठोजी तसे नव्हेत. विठोजीला 1801 मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी ऐन दिवाळीत यशवंतरावानं हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज झोडपली, दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला. "होळकरांची गादी कुणी सांभाळली? यशवंतरावानं! आणि ज्या विठोजीला हत्तीखाली घातलं, त्याचा मुलगा हरीराव 1834 मध्ये इथंच गादीवर बसला. तुमच्या ड्यूकांना जमलं का हे?"

"बाजीरावावरून आठवलं, पहिल्या बाजीरावाच्या मस्तानीचा वंशही इंदुरातच आला," वकीलसाहेब म्हणाले. "तिचा मुलगा समशेरबहादूर पानिपतात जखमी होऊन दगावला, त्याच्या मुलानं बांदा मिळवला. 1857 मध्ये बांद्याचा नवाब इंग्रजांवर उठला, तेव्हा त्याला पेन्शन देऊन इथं आणून ठेवलं. म्हणजे पेशव्यांची अनौरस शाखा आपल्याच..."

"अनौरस?" विन्याची बशी खाली आली. "नाटकगृहात संत्री विकणारी चार्ल्सची नेल ग्विन आणि छत्रसालाची लेक एकाच रांगेत? मस्तानी लग्नाची होती, भिया. पोराची मुंज पुण्याच्या ब्राह्मणांनी होऊ दिली नाही, एवढंच. त्याच पोराला पानिपतावर पाठवताना मात्र कुणी गोत्र विचारलं नाही."

"लग्नाचा कागद दाखव," वकीलसाहेब.

जलेबीचा शेवटचा तुकडा उचलत आप्पा म्हणाले, "कागद काशीरावाचाही चोख होता, साहेब."