आमच्या घरी सोमवार उजाडलाच नाही

ऑफिसच्या लॅपटॉपवर चहा मीच सांडला होता, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती. तो दुरुस्तीला गेला आणि आयटीवाल्यांनी मोठ्या मनाने आठवडाभर घरच्या डेस्कटॉपवरून काम करायची परवानगी दिली. आता घरचा डेस्कटॉप म्हणजे सासऱ्यांचा डेस्कटॉप. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात बाहेरच्या खोलीत तो देवासारखा बसवलेला आहे, वरून आईंनी विणलेलं कव्हर, आणि बाबा त्यावर पेन्शनचे कागद बघतात, भजनं ऐकतात आणि कोणी बघत नसलं की पत्ते खेळतात. शुक्रवारी त्यावर व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता, टाकला, एका झटक्यात चालला, मी खुश.

सोमवारी, म्हणजे १७ नोव्हेंबरला, पोहे खाऊन बसले, कनेक्ट दाबलं, ते फिरलं फिरलं आणि लाल झालं. परत दाबलं, परत लाल. पुण्याला आयटीच्या मुलाला फोन लावला.

"मॅडम, काल रात्री सर्व्हरचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालं होतं, सकाळी १० वाजता नवीन टाकलंय. सगळ्यांचं चालू झालं, तुमचंच कसं काय?"

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं मुदतीचं ओळखपत्र, एवढं मला माहीत होतं. आणि हे 'तुमचंच कसं काय' तर मी पहिलीपासून ऐकत आलेय.

मग जे करतात ते सगळं केलं. राउटर बंद करून तीसपर्यंत आकडे मोजले, प्रोफाइल उडवून परत टाकली, अँटिव्हायरस बंद केला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. तो म्हणाला तुमच्या इंदूरला नेट स्लो असेल, तर मला रागच आला, कारण जीमेल उघडत होतं, बातम्या उघडत होत्या आणि शेजारच्या टॅबमध्ये बाबांचं भजन एकदाही न अडकता चालू होतं. तेवढ्यात पुतण्या कॉलेजला निघता निघता म्हणाला, "काकू, ते सर्टिफिकेट व्हेरिफाय वगैरे करणं बंदच करून टाका ना." म्हणजे दारात कोणीही येऊन मी गॅसवाला म्हणावं आणि आपण त्याला सरळ स्वयंपाकघरात न्यावं. नाही केलं.

शेवटी आयटीचा मुलगा म्हणाला लॉग, म्हणजे व्हीपीएनची नोंदवही, उघडा आणि वाचून दाखवा. शंभरेक ओळींत एक ओळ कामाची होती: व्हेरिफाय एरर, डेप्थ झिरो, सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड.

हे डेप्थ प्रकरण मला लगेच समजलं, त्याचं कारण रामबाग. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला एका आजींनी विचारलं होतं, "कुणाची गं तू?" मी माझं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, कंपनी सांगितली, आजींच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मग सासूबाईंनी मागून "आमची सून" म्हटलं आणि आजींनी लगेच ओटी पुढे केली. तर मी डेप्थ झिरो आणि सासूबाई डेप्थ वन. कॉम्प्युटरचंही असंच, सर्व्हर स्वतःबद्दल काय सांगतोय त्याला तो विचारत नाही, त्याच्या कागदावर सही कोणाची ते बघतो. सही करणाऱ्याचं रूट सर्टिफिकेट आपल्या फाइलीत आधीच असतं, ते जुळलं की ओटी. आमच्या केसमध्ये डेप्थ वनला काही तक्रार नव्हती. घराणं चांगलं, मुलातच काहीतरी खोट.

पण नॉट येट व्हॅलिड म्हणजे काय? मुदत संपलेली समजू शकते, ही मुदत सुरूच झाली नाही म्हणे. मी मोठ्याने बडबडत होते ते बाबांनी ऐकलं. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, आयुष्यभर दाखले आणि त्यांच्यावरच्या तारखा तपासल्या, आणि त्यात हा नोव्हेंबर, त्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं हे माहीत असूनही ते बँकेत स्वतः जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगून आले होते. विषय त्यांचा होता.

"अगं, पुढच्या तारखेचा चेक आहे हा," बाबा म्हणाले. "आज टाकशील तर परतच येणार. तुझ्या ऑफिसवाल्यांना सांग, तारीख चुकवलीत."

मी तसंच्या तसं पुण्याला ऐकवलं, जरा आवाज चढवूनच. त्याने गुपचूप सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. नॉट बिफोर: १७ नोव्हेंबर, ०४:३०, जीएमटी. बाबा म्हणाले पहाटे साडेचारला कोण सही करतं, ब्राह्ममुहूर्तावर? मी सांगितलं ही वेळ ग्रिनिचची, आपले साडेपाच तास मिळवा, बरोबर १० वाजले. तोपर्यंत फोनवरून आवाज आला, "मॅडम, तुमच्याकडे आज तारीख काय आहे?"

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं. १६-११-२०२५.

आमच्या घरी अजून रविवार चालू होता. कालच्या मशीनला आज सकाळी जन्मलेलं सर्टिफिकेट दाखवलं तर ते नॉट येट व्हॅलिड नाही तर काय म्हणणार बिचारं. बाकीच्या साइट्स चालत होत्या कारण त्यांची सर्टिफिकेटं जुनी, त्यांना एक दिवस इकडे तिकडे झाल्याने काही फरक पडत नव्हता.

आता हे का झालं ते ऐका. लाइट नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल मेलेला होता, त्यामुळे लाइट गेली की हा डेस्कटॉप कित्येक वर्षं मागे जाऊन बसायचा, आणि फरक १५ तासांपेक्षा जास्त असला की विंडोज आपणहून वेळ जुळवायला नकार देतं (हे मला नंतर कळलं). मग बाबांनी ते ऑटोमॅटिक प्रकरण बंदच करून टाकलं आणि गेली दोन वर्षं लाइट आली की ते चष्मा लावून स्वतः तारीख टाकतात. रविवारी रात्री लाइट गेली होती. सोमवारी सकाळी बाबांनी तारीख टाकली ती भिंतीवरचं कॅलेंडर बघून, आणि ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर अजून रविवारवरच होतं.

"बाबा, पान फाडायचं राहिलंय का?" मी जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"फाडू नका कोणी," आतून आई. "त्यावर दुधाचा हिशोब आहे!"

म्हणजे पुण्याच्या सर्व्हरला मी ओळख देत नव्हते ते आमच्या दूधवाल्यामुळे. आयटीचा मुलगा लाइनवर होता, सासरे मागे उभे होते, आणि तारीख तुम्ही चुकीची टाकलीत हे वाक्य सुनेने कसं म्हणायचं ते अजून कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, जरा चहा झालाय का बघता?" ते वळले तशी दोन क्लिकमध्ये १७ केली, कनेक्ट दाबलं, हिरवं. मुलाने विचारलं काय होतं, मी सांगितलं नेटवर्कचंच काहीतरी असेल.

संध्याकाळी सिल्व्हर मॉलमधून सेल आणला, सीआर २०३२, रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड म्हणून २०३२. आता लाइट गेली तरी घड्याळ जागेवर असतं. बाबा तरीही रोज सकाळी चष्मा लावून तपासतात, आणि बागेत फिरायला जातात तिथे सगळ्यांना सांगून झालंय की सुनेच्या ऑफिसचा पुढच्या तारखेचा चेक मीच पकडला. पकडला होताच म्हणा.

परत असं नको म्हणून मंगळवारी उठल्या उठल्या मी रविवार आणि सोमवार, दोन्ही पानं फाडली आणि कचरा गाडी आली तशी सुक्या कचऱ्यात टाकून दिली. आठ वाजता दूधवाला आला. तो म्हणतो १ ते १५ तारखेचं २२ लिटर, आई म्हणतात साडेअठरा, आणि आई मला हाक मारून सांगतायत, "ते रविवारचं पान आण बरं जरा."